खाडा आणि रतीब

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं. त्यात तिथी असते, सण असतात, मुहूर्त असतात. आमच्याकडे मात्र त्याचा मुख्य उपयोग दुधाच्या हिशेबाला. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर सासूबाई पेन्सिलीनं फुली मारतात. पाहुणे आले आणि अर्धा लिटर जास्त घेतलं, तर कोपऱ्यात ‘अ’. गॅसचा नवा सिलिंडर लावला ती तारीख गोलात. महिना संपला की दूधवाल्याच्या पोराला दारात उभं करून त्या फुल्या मोजतात, खाडे वजा करतात आणि पैसे हातावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी नेहमीसारखी कडीला लटकलेली असते.

त्याच कालनिर्णयाशेजारी, डब्यांच्या फळीवर, माझ्या जुन्या डायऱ्या आहेत. सगळ्यांचं पहिलं पान सारखं. पाच वाजता उठणे. रोज एक तास व्यायाम. साखर बंद. रात्री दहानंतर मोबाइल नाही. सर्वांत खाली ‘स्वतःसाठी वेळ काढणे’ आणि त्याखाली दोन ठसठशीत रेघा. एका वर्षी तर जिममध्ये वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते. एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी नणंदेकडे हळदीकुंकू होतं, एकविसाव्या दिवशी अंग मोडून आलं, आणि बाविसाव्या दिवशी ‘आता काय, मोडलंच’ असं म्हणून मी जी थांबले ती थांबलेच.

तेव्हा सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, दुधाचा एक खाडा झाला म्हणून आपण रतीब बंद करतो का?”

नव्या वर्षात स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण या वाक्याइतकं कामाचं फार थोडं मिळालं. पुढची पानं त्याच्याच आधारानं लिहिली आहेत.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातल्या नव्या नाकाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं, आणि १९६० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. ‘निदान’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळला, नाकही गळलं, आणि जगाच्या हाती उरले एकवीस दिवस.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट मोजूनच पाहायची ठरवली. त्यांनी ९६ जणांना सांगितलं, एक छोटी सवय निवडा आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून करा. कुणी जेवताना पाण्याचा ग्लास घेतला, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळायला गेलं. बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतलं अंतर प्रचंड होतं: सर्वांत लवकर १८ दिवस, आणि सर्वांत सावकाश माणसाला, हिशेबाच्या अंदाजानं, २५४. पाणी पिण्यासारखं काम लवकर मुरलं, व्यायाम उशिरा. आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय मुरण्याच्या वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझा जिमचा संकल्प विसाव्या दिवसाच्या हळदीकुंकवानं बुडाला नव्हता. तो बुडाला बाविसाव्या दिवशी, माझ्या त्या ‘मोडलंच’नं.

संकल्प हा शब्दच मुळात पूजेतला. पाणी सोडून तो करायचा, आणि मोडला तर दोष लागतो. रतीब त्या मानानं फार साधा. त्यात रोजचं एक माप असतं, ठरलेली वेळ असते, आणि खाडा धरायची सोय पहिल्या दिवसापासून असते. म्हणून या वर्षी डायरीचं पहिलं पान मी कोरं सोडलं आणि कालनिर्णयावर निळ्या पेननं माझ्याही फुल्या मारायला लागले. कशाच्या, ते पुढे येतंच आहे.

पहिला रतीब शतपावलीचा. हा शब्द आपण इतका वापरून गुळगुळीत केला आहे की त्यात काय काय भरलं आहे ते दिसेनासं झालंय. काय करायचं? चालायचं. केव्हा? जेवल्यावर. किती? शंभर पावलं. ‘यंदा मी खूप चालणार’ या वाक्यात यातलं पहिलं उत्तर कसंबसं आहे, दुसरं-तिसरं नाहीच. लॅलीबाईंनी त्या ९६ जणांना जे करायला सांगितलं, ते आपल्या भाषेनं एका शब्दात बांधून ठेवलं होतं. जेवण रोज होतंच, त्यामुळे आठवण करून द्यायला फोन वाजावा लागत नाही. आणि शंभर हा आकडा इतका लहान, की ‘आज वेळ नाही’ म्हणायची लाज वाटावी.

याच्या शेजारी दहा हजार पावलांचा आकडा ठेवून पाहा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. ते हेरून यामासा या कंपनीनं १९६५ मध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, तोंडात बसणारा होता, आणि यंत्र विकायला सोयीचा होता. आज आपल्या मनगटावरचं घड्याळ रात्री अकरा वाजता ‘अजून २३०० पावलं बाकी’ असं बजावतं, तेव्हा त्याच्यामागे ही साठ वर्षांपूर्वीची जाहिरात उभी असते. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. फायदा वाढत वाढत ७५०० च्या आसपास जाऊन थबकला. अशा निरीक्षणातून कारण छातीठोक सिद्ध होत नाही, हे खरं. ज्याची तब्येत बरी तोच जास्त चालतो, असंही असणार. पण काहीच न चालणारा माणूस थोडं चालू लागला तर त्याच्या पदरात बरंच पडतं, एवढं यावरून म्हणायला हरकत नाही.

जेवल्यावरच का चालायचं, याला मात्र शरीरातलं स्पष्ट कारण आहे. भात-पोळीतली पिठूळ साखर अर्ध्या-एक तासात रक्तात चढू लागते. त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू हलत असले तर ते ती साखर ओढून घेतात, आणि काम करणारा स्नायू यासाठी इन्शुलिनवर फारसा अडून बसत नाही. अमेरिकेत साठीपुढच्या दहा जणांवर केलेला एक छोटा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं आणि एकदम पंचेचाळीस मिनिटं चालणं यांची त्यात तुलना होती. दिवसभराच्या साखरेवर, सकाळी एकदम चालण्याइतकाच परिणाम या तुकड्यातुकड्यांच्या चालण्यानं झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरायला तर तुकडेच सरस ठरले. दहाच माणसं होती, तेव्हा त्यावर किल्ला बांधू नये. पण आपल्याकडे रात्रीचं जेवण साडेनऊला, लगेच सोफा आणि मग झोप, असा जो क्रम आहे, त्याला हे चांगलंच लागू पडतं.

आपल्याला ते जास्त लागू पडण्याचं आणखी एक कारण पुण्यातून आलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या लेखी दोघंही उत्तम. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हातापायांनी किडकिडीत आणि पोटाशी चरबी धरून असलेला हा आपला बांधा. ‘मी कुठे जाडी आहे?’ हे आपलं ठेवणीतलं उत्तर त्या एका फोटोनं निकालात काढलं. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये मांडला. वजन आटोक्यात असलेलेही त्यांत पुष्कळ असणार. म्हणून काट्याबरोबर घरातली शिंप्याची टेपही बाहेर काढावी आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर वर्षातून तीन-चारदा लिहून ठेवावा. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर भरपूर जागा असते.

इथे एक घरगुती तक्रार नोंदवते. शतपावलीला कोण जातं, हे आमच्या सोसायटीत रात्री दहाला खाली उभं राहून पाहा. बहुतेक पुरुष. कारण तेव्हा वर बायका ओटा पुसत असतात, उरलेलं लहान पातेल्यात काढत असतात, दुधाला विरजण लावत असतात. सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं, करणाऱ्या पुरुषांचे ९७. बायकांनी स्वतःची काळजी घ्यावी असं सांगणाऱ्या सगळ्या लेखांनी आधी या दोन आकड्यांकडे पाहावं. आमच्या घरात पहिला बदल माझ्या सवयीत झालाच नाही. तो नवऱ्याच्या सवयीत झाला: रात्रीची भांडी घासायची आणि ओटा पुसायचा, ही त्याची बाजू. पहिल्या आठवड्यात ओट्यावर पाण्याची तळी असायची. मी काही बोलले नाही. चप्पल घातली आणि खाली गेले. ते न बोलणं मला चालण्यापेक्षा जड गेलं.

चालण्याची पुढची पायरी म्हणजे अक्षरशः पायरी. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, साधारण एकाच थरातले, एकाच शहराची हवा खाणारे. तरी हृदयविकार ड्रायव्हरना जास्त. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर जिन्यावरून वर-खाली करत रोज पाचशेहून अधिक पायऱ्या चढणारा. मॉरिस खरे चिकित्सक. त्यांनी नंतर गणवेशांची मापंही तपासली. ड्रायव्हरच्या विजारीची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी होती, म्हणजे फरक फक्त जिन्याचा नव्हता, हेही त्यांनीच पुढे आणलं. तरी बैठं काम आणि हृदय यांचा संबंध त्या बसपासून चर्चेत आला तो आजतागायत. मुंबईत बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात निघून गेली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. मला मात्र तिच्या वळणाच्या जिन्यावर तिकिटांची पेटी सांभाळत चढणारे कंडक्टर आठवले. त्यांच्याइतक्या पायऱ्या आपल्यानं होणार नाहीत. पण लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर सोडून पुढचे दोन मजले चढायला काय हरकत आहे?

आता एक प्रयोग, ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांच्यासाठी. जमिनीवर मांडी घाला आणि परत उठा. हात टेकला तर एक गुण कमी, गुडघा टेकला तर आणखी एक. बसण्याचे पाच गुण आणि उठण्याचे पाच. ब्राझीलमधल्या क्लॉडिओ जिल अराउजो यांनी ही परीक्षा ५१ ते ८० वर्षांच्या २००२ जणांवर केली, आणि कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतला मृत्युदर जास्त आढळला. यात जादू काही नाही. मांड्यांची ताकद, घोट्याची लवचीकता, तोल आणि वजन, सगळं त्या एका उठण्यात तोललं जातं.

हे वाचून मला पंगती आठवल्या. पाटावर बसून जेवणारी, जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरणारी, खाली बसूनच पोळ्या लाटणारी माणसं दिवसातून वीस वेळा ही परीक्षा देत होती. मग डायनिंग टेबल आलं, उभा ओटा आला, बैठी मोरी गेली. पाठ-कंबर सुखावली हे नाकारून चालणार नाही. विळीवर तासन्‌तास बसण्यात कसलंही काव्य नव्हतं. पण जाता जाता ते उठणं-बसणंही गेलं. म्हणून आमच्याकडे संध्याकाळचा चहा आणि भाजी निवडणं आता सतरंजीवर होतं. पंच्याहत्तरीच्या सासूबाई एक हात टेकून उठतात. मी सुरुवातीला दोन्ही टेकत होते.

ज्यांना ठरवून व्यायाम करायचा आहे त्यांना सूर्यनमस्कारासारखा स्वस्त प्रकार नाही. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा इतका प्रचार केला, की संस्थानातल्या शाळांत तो रोजचा परिपाठ झाला. रथसप्तमीला एकशेआठ घालण्याची चढाओढ असते, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून उतरणारेही दिसतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे, त्यात व्यायाम अर्ध्या ताकदीनं करावा असं सांगितलं आहे. अर्ध्या ताकदीनं! नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य कुणालाच पटत नाही. एकशेआठ एकदा घालण्यापेक्षा सहा रोज घालावेत, दात घासून झाल्याबरोबर, चहाचं आधण ठेवायच्या आधी.

चहाचं नाव निघालं आहे तर तिथेच थोडं थांबू. आपली सकाळची न्याहारी म्हणजे कांदेपोहे आणि चहा. पोह्यांतून लोह मिळतं, म्हणून आपण ते मुलांना आणि बाळंतिणींना मुद्दाम देतो. वरून लिंबू पिळतो, हे उत्तम. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह आतड्यात अधिक शोषलं जातं. आणि मग त्याच घासाबरोबर चहा घेतो. चहातलं टॅनिन त्या लोहाला धरून बसतं आणि शरीराला मिळू देत नाही. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याला कारणं अनेक आहेत. एकट्या चहावर खापर फोडता येणार नाही. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, आणि ही सूचना पाळायला एक पैसा खर्च नाही. चहा सोडायचा नाहीच. तो फक्त सरकवायचा. उठल्या उठल्या एक, आणि दुसरा न्याहारीनंतर तासाभरानं. आमच्याकडे यावर घरात तीन दिवस बंड झालं. “पोह्यांबरोबर चहा नाही तर पोहे तरी कशाला?” हा सासूबाईंचा सवाल बिनतोड होता. आता त्या पोह्यांबरोबर ताक घेतात आणि रविवारी सरळ खाडा धरतात.

ताटाचंही असंच. मराठी पानात वाढणीचे नियम पक्के: वर मीठ, मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात-पोळी. त्याच संस्थेच्या सूचनांप्रमाणे ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांनी भरलेला असावा. यासाठी परदेशी भाज्यांची टोपली घरी आणायची गरज नाही. डावी बाजू वाढवायची. चमचाभर काकडीची कोशिंबीर वाटीभर करायची आणि लोणच्याची फोड बोटाच्या पेरावर आणायची. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आमटीतलं, कणकेतलं, पापडातलं, फरसाणातलं सगळं आलं. ते मोजत बसणं कुणाला जमणार? मी एवढंच केलं: मिठाची बरणी टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवली. वरून मीठ हवं तर उठून जायचं. बहुतेक जण उठत नाहीत. तेलाच्या पिशवीवर, ती फोडली त्या दिवशी, पेननं तारीख घालते. सिलिंडरची तारीख लिहितो तशीच. दोन-तीन पिशव्या संपेपर्यंत घराचा खप डोळ्यांसमोर येतो आणि फोडणीतला हात आपोआप आखडतो, हा स्वानुभव. माझ्या आईच्या घरात हा प्रयोग सपशेल फसला. तिनं तारीख घातलीच नाही.

झोपेबद्दल मी लांबण लावणार नाही, कारण काय करायला हवं ते सगळ्यांना माहीत असतं. एकच गोष्ट सांगते, जी मला उशिरा कळली. झोपायची वेळ आपल्या हातात नसते. उठायची बरीचशी असते. शरीराच्या पेशी-पेशीत दिवस-रात्रीचं घड्याळ असतं. ते कशावर चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज लावून घ्यायला मुख्यतः सकाळचा उजेड लागतो. म्हणून ‘दहाला झोपेन’ असा पण करण्यापेक्षा, रविवारसकट रोज एकाच वेळी उठावं आणि दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात जावं. कुंड्यांना पाणी घालायला ही वेळ उत्तम. रात्रीची झोप मग हळूहळू आपल्या पायांनी अलीकडे येते. दुसरं, फोनच्या चार्जरची जागा. आमचा आता मिक्सरशेजारी आहे. गजरासाठी साडेतीनशे रुपयांचं घड्याळ आणलं, जे इतकं कर्कश आहे की शेजारीही वेळेवर उठतात. आणि संध्याकाळचा सहानंतरचा चहा: त्यातलं कॅफीन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

वर्षातून एकदा करायची गोष्ट एकच सांगते. रक्तदाब मोजून घ्यावा, कारण तो वाढला तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही. आयसीएमआरच्या त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के प्रौढांमध्ये तो वाढलेला आढळला. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, आणि पट्टा फुगताना तोंड बंद. जिना चढून धापा टाकत, डॉक्टरांना सुनेची तक्रार सांगता सांगता घेतलेला आकडा खरा नसतो. आमच्याकडे हे वाढदिवसाला जोडलं आहे, औक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू आहेत, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी खाण्याचे आणि व्यायामाचे बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.

आणि हे सगळं एकदम सुरू करू नये. मी शतपावली जानेवारीत धरली, चहा फेब्रुवारीत सरकवला, चार्जर पाडव्याला हलवला. आपल्याला नव्या वर्षाचे दोन-दोन मुहूर्त मिळतात, ही मोठीच सोय आहे. जानेवारीत राहिलं ते चैत्रात. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, ओवा, हिंग, मीठ आणि गूळ वाटून ती चटणी सासूबाई प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवतात. वाटीभर कडुनिंब खा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

गेल्या महिनाअखेरीला दूधवाल्याचा पोरगा आला, तेव्हा त्या चष्मा लावून कालनिर्णयासमोर उभ्या होत्या. बोटानं एकेक चौकोन मोजत म्हणाल्या, “अकरा खाडे.”

“आजी, तीनच,” तो म्हणाला. “माझ्या वहीत तीनच आहेत.”

त्यांनी पुन्हा मोजलं. तीन फुल्या पेन्सिलीच्या होत्या, आठ निळ्या पेनच्या.

“हां, बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “आठ हिच्या शतपावलीचे आहेत. मागच्या महिन्यात चौदा होते.” आणि तीन दिवसांचे पैसे कापून बाकीचे मोजून त्याच्या हातावर ठेवले.